तीन सूत माया

मावशीनं गाठोडं माझ्याकडे सरकवलं तेव्हा त्यात गोधडीसाठी शिवलेल्या पट्ट्यांच्या सहा जोड्या होत्या आणि न शिवलेल्या पट्ट्यांचा एक गुंडा. "पुढचं तू कर," एवढंच म्हणाली. दोन वर्षांत तिची नजर इतकी मंदावली होती की सुईचं नाक तर सोडाच, मशीनच्या सुईखाली पट्टीची कड कुठे येते तेही तिला दिसेना. हात मात्र शाबूत होते. गाठोडं सोडण्याआधी तिनं प्रत्येक जोडीच्या शिवणीवरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला. सहाही जोड्यांवरून, एकेक करत.

घरी आल्यावर मी तिच्यासारख्याच अडीच इंची पट्ट्यांच्या सहा जोड्या शिवल्या आणि तिच्या जोड्यांशेजारी जमिनीवर मांडल्या. माझी जोडी साडेचार इंच रुंद होती, तिची सव्वाचार. आधी वाटलं, नजर गेल्यावर शिवलेल्या असतील, शिवण हलली असेल. पण शिवण सरळसोट होती, पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत कडेपासून सारखी लांब. टेप लावली. तीन सूत. दुसरी जोडी, तीन सूत. सहाही जोड्यांत तीन सूत माया.

शिवणकामात 'माया' हा रोजचा शब्द आहे. टीप मारल्यावर तिच्या पलीकडे, उलट्या बाजूला, जे कापड राखून ठेवलेलं असतं ती माया. कपड्यात ती सढळ हातानं ठेवतात, कारण अंग वाढतं. कपडा घट्ट झाला की शिवण उसवायची आणि आतली माया बाहेर काढायची. मावशीनं आयुष्यभर कपडेच शिवले. तिच्या मशीनच्या फुटाची, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाची, उजवी कड सुईपासून तीन सूत लांब आहे, आणि तिचा हात त्या कडेला इतका बसला आहे की दुसरी माया तिला ठेवताच आली नसती. गोधडीत मात्र माया कधी बाहेर काढायची नसते. तिथे दोन सूत, म्हणजे पाव इंचच ठेवतात. शिवणी शेकड्यांनी असतात, जास्त माया ठेवली की कापड वाया जातं आणि पाठीमागे गाठीगाठींसारखा जाड थर साचतो. कमी ठेवली तर चार धुण्यांत धागे निसटून शिवण उघडी पडते.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार आणि शिंपी दोघंही या मापात बोलतात, आणि पट्ट्या जोडणाऱ्यानं याच मापात विचार करावा असं माझं मत आहे. सेंटिमीटरच्या टेपवर मिलिमीटर बारीक दिसतो म्हणून तो सोडून द्यावासा वाटतो. सूत सोडवत नाही.

एक हिशेब मी कुणी नवीन शिकायला आलं की आधी करायला लावतो. अडीच इंचांच्या २० पट्ट्या घ्या. दोन सूत मायेनं जोडल्या तर प्रत्येक पट्टी दोन इंच दिसते, आणि दोन टोकांची माया धरून सगळं मिळून साडेचाळीस इंच भरतं. आता माया प्रत्येक वेळी फक्त अर्धा सूत जास्त गेली असं समजा. अर्धा सूत म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर, डोळ्यांना कळतही नाही. पण शिवणीत दोन पट्ट्या असतात, म्हणून एका शिवणीला एक सूत गेलं. शिवणी १९. म्हणजे १९ सूत गेले, जवळजवळ अडीच इंच. एक अख्खी पट्टी कापडातून नाहीशी झाली, आणि ती कुठे गेली हे कुठलीच एक शिवण उसवून सापडणार नाही.

हात तपासायचा सोपा उपाय आहे. उरलेल्या कापडाच्या अडीच इंचांच्या तीन लहान पट्ट्या जोडायच्या, इस्त्री करायची आणि मधली मोजायची. बरोबर दोन इंच भरली पाहिजे. बहुतेकांची पहिल्यांदा भरत नाही, कारण पाव इंच बरोबर मारली तरी शिवण एका बाजूला वळवताना घडी स्वतःच्या जाडीपुरती जागा खाते. म्हणून पाव इंचातूनही एखादा धागा कमी धरायचा. मी मशीनच्या पाट्यावर चिकटपट्टीचा जाड थर लावून घेतला आहे. कापडाची कड त्याला टेकवून पुढे सरकवत राहायचं आणि सुईकडे बघायचंच नाही, त्या कडेकडे बघायचं.

मग मावशीच्या जोड्यांचं काय करायचं? उसवून दोन सुतांनी पुन्हा शिवता आल्या असत्या. तिची टीप बारीक, इंचाला बारा-तेरा टाके. उसवताना कड विस्कटली असती आणि जुन्या सुईची भोकं नव्या मायेच्या बाहेर, म्हणजे गोधडीच्या तोंडावरच राहिली असती. हे झालं व्यवहाराचं कारण. दुसरं कारण असं की मशीनवर तिनं शिवलेल्या त्या शेवटच्या शिवणी होत्या आणि मला त्या उसवायच्या नव्हत्या. व्यवहाराचं कारण नसतं तरी मी उसवल्या नसत्या.

हा तिढा शेवटी काठानं सोडवला. पण काठ म्हणजे काय ते मला कळलं त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि कळलं ते मावशीमुळेच.

पहिली मोठी गोधडी शिवली तेव्हा मी अंगाच्या, म्हणजे गोधडीच्या मधल्या भागाच्या, पट्ट्या अगदी मन लावून जोडल्या होत्या. ते झाल्यावर वाटलं, मुख्य काम संपलं. आता चार बाजूंनी चार लांब पट्ट्या लावायच्या. एक लांबलचक पट्टी घेतली, गोधडीच्या कडेवर ठेवली, टोकापासून शिवत गेलो आणि शेवटी उरलेलं कापून टाकलं. चारही बाजू तशाच. तासाभरात झालं. जमिनीवर पसरली तर मधलं अंग चटईसारखं सपाट आणि काठ पाण्यासारखा हलत होता. एका जागी दाबला की दुसऱ्या जागी फुगायचा. इस्त्री केली, वाफ दिली, रात्रभर पुस्तकं ठेवली. सकाळी झोल तसाच.

मावशी आली. तिनं काठाकडे पाहिलंच नाही. गोधडीच्या बरोबर मध्यावर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "टेप आण. इथून माप." मी मधोमध मापलं. साडेसाठ इंच. "आता डावी कड माप." एकसष्ट इंच. "उजवी?" सव्वाएकसष्ट. एकाच गोधडीची तीन मापं. "आता सांग," ती म्हणाली, "तू काठ कुणाच्या मापानं लावलास?"

मी तो कडेच्या मापानं लावला होता. मापानं म्हणणंही बरोबर नाही, कड जेवढी मागत गेली तेवढं कापड देत गेलो होतो. आणि कड नेहमी जास्त मागते. गोधडी शिवताना आपण ती कडेनंच धरतो, कडेनंच उचलतो, मशीनवर वळवतो, इस्त्रीच्या टेबलावरून ती खाली लोंबते. कडेला प्रत्येक शिवणीचं टोक मोकळं असतं, ते किंचित उघडतं. अशा पंचवीस-तीस उघडलेल्या टोकांचं मिळून अर्धा-पाऊण इंच सहज होतं. मध्यावर कापड चारही बाजूंनी बांधलेलं असतं, तिथे ते ताणायला जागाच नाही. म्हणून गोधडीचं खरं माप मध्यावर. तीन ठिकाणी घ्यावं, बरोबर मध्ये आणि मध्य व कड यांच्या अधेमधे दोन्हीकडे, आणि त्याची सरासरी धरावी. त्या मापाच्या दोन पट्ट्या आधी कापायच्या, सारख्या, एकीवर दुसरी ठेवून. मग कडेनं त्या पट्टीत बसायचं.

संध्याकाळभर आम्ही चारही काठ उसवले. मावशीनं टाचण्या कशा लावायच्या ते दाखवलं. पट्टी अर्ध्यात दुमडून खूण, पुन्हा दुमडून पाव-पाववर खुणा. गोधडीच्या कडेवर तशाच खुणा. मग खुणेला खूण जुळवून टाचायचं: आधी दोन टोकं, मग मध्य, मग पाव-पाव, आणि त्यानंतर त्यांच्यामधलं. कडेचं जास्तीचं कापड अशानं एका जागी न साचता साठ इंचांवर वाटलं जातं. शिवताना जी बाजू जास्त भरते ती खाली ठेवायची. मशीनचे दात खालच्या कापडाला पुढे ओढतात, वरच्याला फूट थोडं मागे धरून ठेवतं. त्यामुळे खालचा थर आपसूक किंचित गोळा होतो आणि चुणी न पडता जिरतो. ज्या यांत्रिक खोडीमुळे एरवी पट्ट्या एकमेकींवर सरकतात, तिचाच इथे उपयोग. पाव-अर्धा इंच असं जिरतं. पाऊण-एक इंच फरक असेल तर मात्र काठाला दोष देऊ नये, अंगातच कुठेतरी माया चुकली आहे.

त्या रात्री काठ सपाट बसला. मी हात फिरवत राहिलो. त्याआधी मी काठाला चौकट समजत होतो, चित्र झाल्यावर बाहेरून ठोकायची. आता तो मला आत काय झालं याचा जाबजबाब वाटतो. एखाद्या शिवणीत एक धागा गेला, एखादी पट्टी इस्त्रीत ओढली गेली, हे अंगात कुठेच दिसत नाही. ते सगळं बाहेर बाहेर सरकत येतं आणि काठ लावायला बसलं की समोर उभं राहतं.

म्हणून पट्ट्या जोडतानाच काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे कापडाची ओढ. विणताना उभे धागे मागावर ताणून बांधलेले असतात, म्हणून किनारीला समांतर कापड फारसं ताणलं जात नाही. आडवं कापड देतं. आणि उरेब, म्हणजे तिरपं, सगळ्यात जास्त देतं. पट्ट्या सहसा आडव्या कापतात, कारण घडी घालून एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत कापणं सोयीचं. त्या लांबीत ताणल्या जातात हे लक्षात ठेवूनच हाताळाव्यात. बाहेरच्या रुंद काठासाठी मात्र मी कापड पुरत असेल तर उभीच पट्टी कापतो. आडव्या काठाला कितीही नीट मापलं तरी दोन-चार वर्षांत तो लोंबतो.

दुसरी गोष्ट दिशा. सगळ्या पट्ट्या वरून खाली अशा एकाच दिशेनं शिवत गेलं की दर शिवणीत वरची पट्टी केसभर मागे राहते आणि दहा-बारा पट्ट्यांनंतर अंग धनुष्यासारखं वाकतं. त्यावर उपाय असा की आधी जोड्या करायच्या, मग जोड्यांच्या जोड्या, आणि दर फेरीत दिशा उलटायची. मावशी म्हणूनच जोड्या करून ठेवायची. एकेक पट्टी वाढवत नेणं तिला पटतच नसे.

तिसरी इस्त्री. गोधडीची इस्त्री फिरवायची नसते, ठेवायची आणि उचलायची असते. आधी बंद शिवणीवर ठेवायची म्हणजे टाके कापडात बसतात, मग पट्टी उघडून शिवण शक्यतो गडद कापडाच्या बाजूला दाबायची. घाईत इस्त्री लांब ओढली की अडीच इंची पट्टी कमानीसारखी होते आणि तिला परत सरळ करणारं काही नाही.

लहान तुकड्यांपासून लांब पट्टी करायची तर जोड तिरका घालतात. दोन पट्ट्या सुलट्या बाजू आत ठेवून काटकोनात मांडायच्या, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टीप मारायची, पाव इंच माया ठेवून कोपरा कापायचा आणि शिवण उघडी दाबायची. सरळ जोड एका जागी जाड होतो आणि नजर तिथे अडखळते. तिरका जोड त्याची जाडी दोन-अडीच इंचांवर पसरवतो. त्याची किंमत म्हणजे दर जोडाला पट्टीच्या रुंदीएवढी लांबी जाते. ४२ इंच लांबीच्या दोन अडीच इंची पट्ट्या तिरक्या जोडल्या की साडेएक्याऐंशी इंच उरतात, चौऱ्याऐंशी नाही. हा हिशेब विसरून मी एकदा काठाला चार इंच कमी पडलो होतो, आणि ते कापड पुन्हा मिळालं नाही.

अडीच इंची पट्ट्यांची एक गंमतशीर पद्धत आहे, मला ती हिशेबासाठी आवडते. ४० पट्ट्या टोकाला टोक तिरक्या जोडून एकच पट्टी करायची, साधारण १५८० इंच. सुरुवातीचे १८ इंच कापून टाकायचे, नाहीतर पुढे सगळे जोड एकाखाली एक येतात. मग तिची दोन टोकं एकत्र आणून लांबीनं शिवायचं आणि घडीवर कापायचं. लांबी निम्मी, रुंदी साडेचार. पुन्हा तसंच, साडेआठ. मग साडेसोळा, साडेबत्तीस, साडेचौसष्ट. पाच शिवणींत गोधडीचं अंग तयार. पण त्या पाच शिवणींत ३८ मीटरच्या आसपास टीप असते, आणि पहिली शिवण अशी लांबच लांब की पट्टीला पीळ पडला तर शेवटी पोचल्यावरच कळतं. रंग कुठे येतील ते आपल्या हातात नसतं. काहींना त्यातच मजा वाटते. मला पट्टीशेजारी कुठली पट्टी हे ठरवायला आवडतं, म्हणून मी ती एकदाच केली.

पट्टी झटपट आणि अचूक कापणं ही तशी अलीकडची गोष्ट आहे. जपानच्या ओल्फा कंपनीनं गोल पात्याचं रोटरी कटर १९७९ साली काढलं. त्याआधी खूण करायची आणि कात्रीनं एकेक कापायचं, किंवा किनारीशी काप देऊन टरकावायचं. टरकावलेली पट्टी नेहमी धाग्यावर असते, हे तिचं मोठेपण. मावशी अजूनही त्याचीच बाजू घेते. कटरनं कापताना घडी काटकोनात नसेल तर पट्टी उघडल्यावर घडीच्या जागी कोपरासारखी मुडपलेली निघते आणि ती वाकडी आहे हे शिवेपर्यंत ध्यानात येत नाही.

अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणात जीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि मग जगाला माहीत झाल्या. त्यांतला 'हाउसटॉप' नावाचा प्रकार पाहिला तेव्हा मी बराच वेळ पान उलटलं नाही. मध्ये एक चौकोन, त्याभोवती पट्टी, तिच्याभोवती पट्टी, अशी अख्खी गोधडी म्हणजे काठावर काठ. प्रत्येक फेरीचं माप आधीच्या फेरीवरून. पट्ट्यांच्या रुंदी सारख्या नाहीत, कोपरे सरकलेले आहेत, आणि तरी अंग धरून आहे, कारण करणारीनं प्रत्येक फेरीला थांबून हातातलं कापड पाहिलेलं आहे.

त्याच गावच्या मिझूरी पेटवे यांची १९४२ सालची गोधडी आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. नवरा गेल्यावर त्यांनी त्याचे शेतात घालायचे कपडे फाडले आणि त्यांच्या पट्ट्या आणि चौकोन जोडून ती केली. त्यांच्या मुलीनं पुढे सांगितलं आहे की आईला ती त्याची आठवण म्हणून आणि मायेनं पांघरायला हवी होती. जिथे खिसा होता तिथलं कापड अजून गडद आहे, अशा खुणा या गावच्या कितीतरी गोधड्यांत दिसतात. कामाच्या कपड्याची पट्टी शिवायला सोपी नसते. गुडघ्यावरचं कापड विरलेलं, शिवणीपाशी घट्ट, एकाच पट्टीत दोन प्रकारची ओढ. ते ज्यानं कधी हातात घेतलं आहे त्याला त्या सरळ रेषा किती कष्टाच्या आहेत ते कळतं.

आणि कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी. ती उलटी सुरू होते. एका कोपऱ्यापासून, कडेकडेनं तुकडे दुमडून धावदोरा घालत पूर्ण फेरी करायची, मग तिच्या आतली फेरी, असं करत करत शेवट मध्यावर. काठ तिथे पहिला. मला मधून मापायला शिकवलेलं असल्यामुळे हे समजून घ्यायला वेळ लागला. पण त्यात अंगाच्या मापाला काठ बसवायचा प्रश्नच उरत नाही, कडेवरची जागा आधीच ठरलेली असते आणि जे काही कमी-जास्त व्हायचं ते मध्याकडे सरकतं, शेवटच्या तुकड्यात मावतं.

आता मावशीच्या गाठोड्याकडे.

मनात बाहेरचा काठ ठरलेला होता: दोन-दोन इंचांच्या उभ्या पट्ट्या ओळीनं, पियानोच्या पट्ट्यांसारख्या, गाठोड्यातल्या सुट्या गुंड्यातून. असा जोडकाठ लावायचा तर अंगाची लांबी-रुंदी दोन इंचांनी भागली गेली पाहिजे, नाहीतर कोपऱ्याशी अर्धीच पट्टी येते आणि ती फार वाईट दिसते. माझ्या बाराही जोड्या असत्या तर रुंदी ४८ इंच, सरळ २४ पट्ट्या. पण सहा जोड्या मावशीच्या. अंगात बसल्यावर माझी जोडी चार इंचांची, तिची पावणेचार. सहा चोक चोवीस आणि सहा पावणेचार साडेबावीस. साडेशेहेचाळीस इंच. दीड इंच कमी.

यावर उपाय जुनाच आहे. अंग आणि जोडकाठ यांच्यामध्ये एक साधी बारीक पट्टी घालायची, तिची रुंदी उरलेल्या फरकाएवढी. मी तिला जुळवणीची पट्टी म्हणतो. पाहणाऱ्याला वाटतं शोभेची आहे. दीड इंचाचे दोन भाग, दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच. माया धरून सव्वा इंचाची पट्टी कापायची. लांबी मी त्याच हिशेबानं साडेअठ्ठावन्न ठेवली, वर-खाली तीच पाऊण इंचाची पट्टी, म्हणजे ६० इंच, ३० पट्ट्या. मावशीच्या हाताच्या सवयीमुळे गेलेलं दीड इंच असं काठाशी परत मिळालं. पाऊण इंच ही रुंदी मी एरवी कधी निवडली नसती, मला एक इंच आवडतो. या गोधडीत ती तिच्या अंगठ्यानं ठरवली.

रंगाचा विचार वेगळा करावा लागला. अंगात बारा जोड्यांचे चोवीस रंग. जुळवणीच्या पट्टीला मी गडद निळं, जवळजवळ काळं कापड घेतलं, कारण एवढ्या बारीक पट्टीला फिकं कापड दिलं तर मागच्या मायेची सावली दिसते आणि तिची कड जरा हलली तरी डोळ्यांत भरते. गडद रेघेवर नजर थांबते आणि मग पियानोच्या पट्ट्या नव्यानं सुरू होतात. एकदा तांबडं लावून पाहिलं होतं, नुसतं टाचून. अंग लगेच लहान वाटायला लागलं.

आधी लांबीच्या दोन बाजू, मग इस्त्री, मग त्या बाजू धरून मधून पुन्हा रुंदी मापायची आणि वर-खाली. जोडकाठाचंही तसंच, पण त्याच्या कोपऱ्यांत मी चार-चार इंचांचे साधे चौकोन बसवले. कोपऱ्याला पंचेचाळीस अंशांचा तिरपा जोड मला आवडतो, चित्राच्या चौकटीला असतो तसा, पण तो लांब पट्टीच्या नक्षीला शोभतो. त्याला पट्टी अंगापेक्षा दोन्हीकडे काठाच्या रुंदीएवढी आणि वर दोन-दोन इंच जास्त ठेवावी लागते, शिवण कडेच्या पाव इंच अलीकडेच थांबवावी लागते, आणि शेवटचा जोड उरेबवर येतो म्हणून जपावा लागतो. तुटक पट्ट्यांच्या काठात एवढं करून काही साधत नाही. चौकोन शांत दिसतात.

जोडकाठाच्या बाहेरच्या कडेला शिवणींची शंभरावर मोकळी टोकं येतात. ती उघडू नयेत म्हणून कडेपासून सुतभर आत भोवतीभोवती एक टीप मारून घेतली. मग अस्तर, मध्ये भरण, वर हे सगळं. शिवणीशेजारून धावदोरा. हे काम महिनाभर चाललं, त्याबद्दल पुन्हा केव्हातरी.

तिन्ही थर होऊन कडा कातरल्यावर गोधडी मावशीकडे घेऊन गेलो. ५६ बाय ६८ इंच. जमिनीवर पसरली. ती मध्यावर बसली, आपोआप, आणि दोन्ही तळवे दोन बाजूंना सरकवत कडेपर्यंत गेली. काठावरून बोटं फिरवत चारही कोपरे घेतले. कुठे फुगतो का ते पाहत होती. मग पुन्हा आत आली आणि अंगठ्यानं पट्ट्या मोजायला लागली.

"ही मधली बारीक पट्टी कशाला?"

मी सांगितलं. तिचे तीन सूत, माझे दोन, साडेशेहेचाळीस, दीड इंच. तिनं ऐकून घेतलं. अंगठा तिच्या एका शिवणीवर ठेवला, मग शेजारच्या माझ्या शिवणीवर. वरून फरक लागत नाही, माया आत असते.

"उसवायच्या होत्यास की," ती म्हणाली.

"नाही उसवल्या."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "गोट लावलास?" गोटाची पट्टी तयार होती: अडीच इंचांच्या सात पट्ट्या तिरक्या जोडून, लांबीत दुमडून दुहेरी केलेली, सुलट्या बाजूनं मशीनवर शिवलेली. ती उलट्या बाजूला वळवून हातानं तुरपणं बाकी होतं. भोवती २४८ इंच. तिनं पट्टीची घडी डाव्या अंगठ्याखाली धरून पाहिली, कड कुठे बसते ते चाचपलं.

"हे मला लागतं हाताला," म्हणाली. "सुई तेवढी ओवून दे."

हातभर दोरा साधारण फूटभर कडेला पुरतो. मी वीस सुया काढल्या, खिडकीपाशी बसून एकेक ओवली, गाठ मारली आणि टाचणगादीवर ओळीनं खोचून तिच्या उजव्या हाताशी ठेवली. तिनं पहिली उचलली तोवर मी अकरावीपर्यंत आलो होतो.